तोडलेल्या उसाचे तास कोण मोजणार?

गेल्या हंगामातली गोष्ट. संध्याकाळी शेजारच्या वस्तीवर गेलो होतो. बारावीतला मुलगा ओट्यावर पुस्तक घेऊन बसला होता. परीक्षा तोंडावर आलेली. म्हटलं, "काय चाललंय रे?" म्हणाला, "केमिकल कायनेटिक्स, काका. गणितं सुटत नाहीत." विचारलं, "काय असतं त्यात?" तर म्हणे, "रिअ‍ॅक्शन किती वेगानं होते ते काढायचं." पुस्तकात पाहिलं तर गणित साखरेचं. सुरुवातीला द्रावणात इतकी साखर होती, इतक्या तासांनी इतकी उरली, तर निम्मी व्हायला किती वेळ लागेल?

आणि त्याच वेळी ओट्यापासून पन्नास पावलांवर त्याच्या वडिलांचा ऊस फडात आडवा पडला होता. आदल्या दिवशी सकाळी तोडलेला. गाडी 'आज येते, उद्या येते' करत अजून आली नव्हती. मी म्हणालो, "बाळा, मग त्या मोळ्यांचं गणित कुणी करायचं?" पोरगा हसला. त्याला वाटलं, काका चेष्टा करताहेत.

चेष्टा नव्हती. पुस्तकातली साखर आणि फडातली साखर एकच. काचेच्या भांड्यात जे होते तेच बांधावरच्या मोळीत होते. फरक इतकाच की भांड्यातल्या साखरेचा वेळ मोजला जातो आणि मोळीतल्या साखरेचा वेळ कुणी मोजत नाही. आपले म्हणणे एवढेच आहे की तो मोजला पाहिजे, कारण त्या वेळेचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

उसावरच उभे राहिलेले शास्त्र

रासायनिक क्रियेचा वेग मोजण्याच्या या शास्त्राला मराठीत रासायनिक गतिकी म्हणतात. बारावीच्या मुलांना तो एक धडा वाटतो, पास होण्यापुरता. पण या शास्त्राचा जन्मच उसाच्या साखरेवर झाला, हे त्यांना कुणी सांगत नाही.

1850 साली जर्मनीत विल्हेल्मी नावाच्या शास्त्रज्ञाने साखरेच्या पाण्यात आम्ल घातले आणि साखर कशी कशी मोडत जाते ते वेळ लावून मोजले. उसाची साखर पाण्याशी संयोग पावते आणि तिचे दोन तुकडे होतात. एक ग्लुकोज, दुसरे फ्रुक्टोज. हे मोडणे त्याने प्रकाशाच्या साह्याने टिपले. साखरेच्या पाण्यातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो, आणि साखर मोडली की तोच डावीकडे वळू लागतो. उलटा होतो, म्हणून या क्रियेला 'इन्व्हर्शन' म्हणजे उलटणे असे नाव पडले. विल्हेल्मीला आढळले ते असे की कोणत्याही क्षणी जेवढी साखर शिल्लक असेल, त्या प्रमाणात ती मोडत असते. एखाद्या रासायनिक क्रियेच्या वेगाचे गणित इतक्या नेमकेपणाने मांडले गेले ते या वेळी पहिल्यांदा.

पुढे 1889 साली स्वीडनच्या अर्‍हेनियसने उष्णतेमुळे क्रियेचा वेग कसा वाढतो याचे सूत्र मांडले. त्याच्याही समोर उदाहरण होते उसाच्या साखरेचेच. 1913 साली बर्लिनमध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन या दोघांनी विकरांच्या वेगाचा नियम काढला. त्यांनी घेतलेला विकर होता इन्व्हर्टेज, म्हणजे साखर मोडणारा विकर. हाच विकर आपल्या उसाच्या कांड्यातही असतो.

म्हणजे जगातली मुले ज्या सूत्रांची घोकंपट्टी करतात, ती सूत्रे उसाच्या साखरेने शिकवली. विल्हेल्मीच्या प्रयोगानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1950-51 च्या हंगामात, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. कारखान्यांच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा 'पोल' काढतात, तोसुद्धा प्रकाश किती वळला हे पाहूनच. विल्हेल्मीचे तंत्र कारखान्याच्या आवारात येऊन बसले. गावात मात्र ते अजून आलेले नाही.

पुस्तकातली चार कारणे फडात

बारावीच्या पुस्तकात क्रियेचा वेग वाढवणारी चार ठळक कारणे दिलेली असतात. उष्णता, उत्प्रेरक, उघडा पडलेला पृष्ठभाग आणि पदार्थाचे प्रमाण. ही चारही आपल्या फडात लावून पाहू.

पहिली उष्णता. ढोबळ नियम असा की दहा अंशांनी तापमान वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. सगळीकडे अगदी दुप्पटच होईल असे नाही, आणि फार तापवले तर विकर निकामीही होतो. पण आपल्या हवामानाच्या टापूत अंदाज करायला हा नियम पुरेसा आहे. म्हणजे काय? डिसेंबरच्या थंडीत चोवीस तास पडलेला ऊस आणि मार्चअखेरच्या उन्हात चोवीस तास पडलेला ऊस, हे दोन्ही घड्याळात सारखे असले तरी रसात सारखे नसतात. आपल्याकडे मात्र 'एक दिवस पडला तर काय होतंय' हे वाक्य नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत एकाच सुरात म्हटले जाते.

दुसरे उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता क्रियेला हाकणारा पदार्थ. विल्हेल्मीच्या भांड्यात आम्ल होते. उसात विकर आहे. ऊस उभा असतो तोवर झाड जिवंत असते आणि त्याचा कारभार शिस्तीत चालतो. कोयता लागला की शिस्त मोडते आणि विकर साठवलेल्या साखरेवर सुटतो. त्याच्या जोडीला कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू आत शिरतात. ते साखर खातात, आम्ल करतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. तो कारखान्यात गाळणी तुंबवतो, पाकाचा दाणा नीट पडू देत नाही. शिवाय तो प्रकाश इतका उजवीकडे वळवतो की रसात आहे त्यापेक्षा जास्त साखर असल्याचा भास होतो. प्रयोगशाळासुद्धा फसते.

तिसरा उघडा पृष्ठभाग. अख्खा ऊस दोन्ही टोकांनाच उघडा असतो. त्याचे वीतभर तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याला दोन नवी तोंडे फुटतात आणि प्रत्येक तोंड जिवाणूला उघडे दार. म्हणून यंत्राने तोडलेला, तुकडे झालेला ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर बिघडतो. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र आले, ते येणारच. पण यंत्राचा ऊस मोळीच्या ऊसाइतका वेळ थांबू शकत नाही, हे धरून त्याच्या गाडीला आधी काटा मिळाला पाहिजे. जळिताचीही हीच कथा. आग लागली की कांडे तडकते, पेशी मरतात, आतला रस उघडा पडतो. जळलेला ऊस म्हणूनच तासातासाने उतरतो.

चौथे कारण पदार्थाचे प्रमाण. इथे पुस्तक आणि फड यांच्यात थोडा फरक आहे, तो नीट समजून घ्यावा. पुस्तकातल्या गणितात जेवढी साखर शिल्लक तेवढा वेग, म्हणून साखर घटत गेली की वेगही मंदावतो. समजा, रोज उरलेल्यातली दोन टक्के मोडते असे धरले, तर शंभर किलोची पहिल्या दिवसाअखेर 98 किलो उरेल, दुसऱ्या दिवसाअखेर 96 किलो 40 ग्रॅम. हे फक्त हिशेब समजण्यापुरते धरलेले आकडे आहेत. फडात मात्र जिवाणू दर काही तासांनी दुप्पट होत असतात. साखर खाणारी तोंडेच वाढत जातात. त्यामुळे वेग मंदावण्याऐवजी दिवसागणिक वाढू शकतो. दुसऱ्या दिवसाचे चोवीस तास पहिल्या दिवसासारखे स्वस्त नसतात, तिसऱ्या दिवसाचे त्याहून महाग.

ब्रिक्सच्या काट्याने फसू नका

इथे कुणी तरी म्हणेल, "अहो, आम्ही मीटर लावून बघितलं, दोन दिवस पडलेल्या उसाचा ब्रिक्स उलट जास्त आला. मग साखर कमी कशी?" बघितले असेल, खोटे नाही. पण त्याचा अर्थ वेगळा आहे. हातातला ब्रिक्समीटर रसात विरघळलेले एकूण पदार्थ दाखवतो. त्यातली साखर किती आणि मोडलेली साखर किती, हे त्याला कळत नाही. ऊस पडून राहिला की पाणी उडते, रस घट्ट होतो, काटा वर जातो. साखर मोडून तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज झाले तरी काटा खाली येत नाही. जिभेलाही कळत नाही, कारण ते दोन्ही गोडच. पण त्यांची साखर पडत नाही. ती मळीत जाते, आणि जाताना आपल्याबरोबर चांगली साखरही मळीत ओढून नेते.

गुऱ्हाळवाल्याला हे बिनपुस्तकाचे ठाऊक आहे. तो शिळा ऊस घेताना नाक मुरडतो. शिळ्या उसाचा गूळ चिकट होतो, ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. तो रसात चुनखडीचे पाणी घालतो ते कशासाठी? रसातले आम्ल मारण्यासाठी. आम्ल साखर मोडायला लावते, चुना त्याला आवर घालतो. कारखान्यातही रसाला चुना देतात तो मळ बसवायला आणि साखर मोडू न द्यायला. विल्हेल्मीने आम्ल घालून जे केले तेच उलटे करून आपले लोक गूळ करतात. शास्त्र घरात आहे, फक्त त्याला नाव नाही.

तोटा कुणाचा?

ऊस वाळला की दोन गोष्टी घटतात. एक वजन, दुसरी साखर. वजनाचा तोटा सरळ शेतकऱ्याचा, कारण पैसे काट्यावर मिळतात आणि काटा कारखान्याच्या दारात आहे. साखरेचा तोटा प्रथम कारखान्याचा. म्हणून शेतकरी म्हणतो, "उताऱ्याचं कारखान्यानं बघावं," आणि कारखाना म्हणतो, "वजनाचं शेतकऱ्यानं बघावं." मधल्या मधे मोळी उन्हात.

पण उताऱ्याचा तोटा कारखान्यापाशी थांबत नाही. एफआरपी ही कारखान्याच्या सरासरी उताऱ्याला बांधलेली आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये दर ठरवला. उतारा दशांश एकने वाढला तर क्विंटलला 3 रुपये 46 पैसे वाढ, आणि घटला तर साडेनऊ टक्क्यांपर्यंत तेवढीच घट. टनाला 34 रुपये 60 पैसे. एकरी चाळीस टन धरले तर एकराला 1,384 रुपये झाले. हे फक्त दशांश एकचे.

कारखान्याच्या बाजूने पाहा. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात उतारा दशांश एकने खाली आला तर रोज पन्नास क्विंटल साखर कमी पडते. शंभर दिवसांच्या हंगामात पाच हजार क्विंटल. एवढी साखर गोदामातून चोरीला गेली असती तर जिल्हा हादरला असता. ही मोळीतल्या मोळीत जाते, म्हणून पंचनामा होत नाही.

आणि यात सगळ्यात मोठा अन्याय आहे तो सरासरीचा. एखाद्याने धडपड करून तोडलेला ऊस त्याच दिवशी काट्यावर नेला, दुसऱ्याचा तीन दिवस पडला, तरी उतारा दोघांना सारखाच. ताज्या ऊसवाल्याला बक्षीस नाही, शिळ्याला जबाबदार कोण ते कळत नाही. जे मोजलेच जात नाही त्याचा जाब कुणाला विचारणार?

तोडणी कामगारांवर खापर फोडू नका

असे लिहिले की लगेच कुणी म्हणेल, "टोळीचा दोष." नाही. बीडकडून आलेली ती नवरा-बायको पहाटे अंधारात फडात उतरतात. दुपारी मोळ्या बांधून होतात आणि मग तीही गाडीची वाट बघत बसतात. त्यांची मजुरी टनावर असल्याने ऊस वाळला तर वजन त्यांचेही घटते. गाडी कारखान्याच्या रांगेत उभी, रिकामी होऊन परत येईना, तर टोळीने काय करायचे? दोष असेल तर तो तोड आणि वाहतूक यांचा मेळ न घालण्याचा आहे. उद्या गाडी लागणार नाही हे माहीत असताना आज फड आडवा करायला सांगणारा, तो दोषी. मग तो शेतकी खात्यातला असो की 'एकदाचं रान मोकळं करा' म्हणून मागे लागणारा मालक असो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट फुकटची आहे. तोडणीच्या चिठ्ठीवर तोडीची तारीख आणि वेळ लिहावी. काट्याच्या पावतीवर वजनाची वेळ छापून येतेच. दोन्ही वेळा समोरासमोर ठेवल्या की तास आपोआप निघतात. कारखान्याने दर आठवड्याला गट कार्यालयाच्या फळ्यावर लिहावे की या गटात तोड ते काटा सरासरी किती तास लागले. उतारा लिहितात, गाळप लिहितात, मग तास का नकोत? खोटी वेळ लिहिली जाईल, असे कुणी म्हणेल. जाईलही. म्हणून चिठ्ठीवर चिटबॉयबरोबर शेतकऱ्याचीही सही हवी.

दुसरी गोष्ट, उष्णतेप्रमाणे मर्यादा. थंडीत जी सवलत, ती उन्हाळ्यात नको. फेब्रुवारी सरला की गाडी ठरल्याशिवाय कोयता लावू नये, हा नियम सर्वांनी पाळावा.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या हातातली. गाडीला उशीर होणार असेल तर मोळ्या उन्हात पसरून ठेवू नयेत. एकत्र रचाव्यात, सावली असेल तर सावलीला, वर पाचट टाकावे आणि पाणी शिंपडावे. माती, मुळ्या आणि वाढे काढूनच ऊस द्यावा, कारण मातीबरोबर जिवाणूही येतात. आणि तोड सोपी व्हावी म्हणून फड पेटवू नये. एका काडीने दोन्हीकडचा हिशेब बिघडतो.

चौथी गोष्ट गावकारभाऱ्यांची. सरपंच आणि ग्रामपंचायतीला वाटेल, यात आपला काय संबंध? पाणंदीचा संबंध आहे. ओढ्याच्या उताराला ट्रॉली रुतली की तिच्या मागच्या दहा गाड्या अडतात आणि तेवढ्या सगळ्या ऊसाचे तास वाढतात. दसऱ्याआधी पाणंदीला मुरूम पडला तर तो उताऱ्यात दिसतो. ग्रामसभेत पाणंदीचा विषय भांडणाचा म्हणून टाळला जातो. यंदा तो उसाच्या हिशेबाने मांडून बघा. चाळीस टनाला किती रुपये, हा आकडा दोन्हीकडच्या भाऊबंदांना सारखाच कळतो.

आणि शाळेने?

शेवटी पुन्हा त्या ओट्यावरच्या पोराकडे येतो. बारावीचे रसायनशास्त्र इंग्रजीतून असते. साखरेच्या मोडण्याचे उदाहरण पुस्तकात असते, पण ते परदेशी पाहुण्यासारखे येते आणि जाते. ऊस पट्ट्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाला एक प्रयोग बिनखर्चाचा करता येईल. एकाच सरीतले चार-पाच सारखे ऊस तोडा. एकाचा रस लगेच काढा, बाकीचे बाहेर ठेवून रोज एकाचा रस काढा. रोज वजन करा, ब्रिक्स बघा आणि फेहलिंगच्या द्रावणाची परीक्षा करा. उसाची अख्खी साखर फेहलिंगला दाद देत नाही, मोडलेली साखर देते आणि तांबडा साका बसतो. ताज्या रसातही थोडी मोडलेली साखर असते, म्हणून साका थोडा येईल. पण सगळे रस सारख्या प्रमाणात पातळ करून तपासले तर दिवसागणिक साका वाढताना डोळ्यांनी दिसेल. एक जोडी सावलीत पाचटाखाली ठेवा, एक उन्हात. उष्णतेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. जमले तर एक दिवस मुलांना कारखान्याच्या प्रयोगशाळेत न्या आणि पोल कसा काढतात ते दाखवा. कारखान्यांच्या संचालकांनी यासाठी दार उघडावे. ही मुले सभासदांचीच आहेत.

ती आकडेवारी मुलांनी गावात आणून चावडीवर लावावी. आपल्या पोराने काढलेला आकडा बाप ऐकतो. पुढाऱ्याचे भाषण ऐकतोच असे नाही.

त्या संध्याकाळी उठताना मी पोराला म्हटले, "तुझ्या अण्णांचा ऊस कधी तोडला, कधी काट्यावर गेला, एवढं लिहून ठेव." दोन दिवसांनी भेटला. कागदावर लिहून आणले होते. तोड मंगळवारी सकाळी सात, वजन गुरुवारी दुपारी तीन. छप्पन तास. म्हणाला, "काका, आता हे गणित मला सुटतं. पण अण्णा म्हणतात, सुटून काय उपयोग, ऊस तर गेला." अण्णांचे बरोबर आहे. म्हणूनच हे गणित पुढच्या हंगामाची पहिली मोळी पडण्याआधी सुटले पाहिजे.